दोघींची शाळा

बायकोची बाळंतपणाची आणि तिला जोडून घेतलेली सगळी रजा संपली तेव्हा आमची मुलगी दहा महिन्यांची होती. त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने दोन पेनं बांधली. निळ्याने बायकोच्या ड्युट्या लिहायच्या, लालने माझे लसीकरणाचे कॅम्प. ती जव्हारच्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे, प्रसूती विभागात. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी, दर आठवड्याला वेगळं. मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. लोक मला डॉक्टर म्हणतात; मी डॉक्टर नाही हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. दवाखाना खोडाळ्याला, घर जव्हारला, भाड्याच्या दोन खोल्या. रोज मोटारसायकलने मोखाड्यावरून जायचं आणि यायचं. एखादी गाय अडली की परतायची वेळ माझ्या हातात राहत नाही. बायकोच्या हातात तर ती नसतेच. बाळ घड्याळ बघून येत नाही, असं ती म्हणते.

कॅलेंडरच्या एकाच चौकोनात निळं आणि लाल दोन्ही आलं की घरात एकच प्रश्न असायचा: पोरगी कुणाजवळ?

पहिलं उत्तर सोपं होतं. माझे आईवडील जव्हारजवळच साखरशेतला असतात, भात आणि नाचणी करतात. आई म्हणाली, "ठेवा माझ्याजवळ. तुला नाय का वाढवला?" आम्ही ठेवलं. महिनाभर बरं चाललं. मग आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. एके दुपारी मी लवकर सुटलो म्हणून न कळवता साखरशेतला गेलो, तर घर उघडं आणि घरात कोणी नाही. शेतावर गेलो. सगळे वाकून रोपं लावत होते आणि बांधावर, गोणपाटावर, इरल्याखाली आमची मुलगी झोपली होती. कानापर्यंत चिखल. तिच्या पायापासून दोन हातांवर पाटाचं पाणी जोरात वाहत होतं.

मी काही बोललो नाही. तिला उचललं आणि घरी आणून आंघोळ घातली. संध्याकाळी आई चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बोलला नाहीस तरी मला समजला. मी हिला बघू का आवणी करू? दोन्ही नाय होत माझ्यानं. घेऊन जा. राग मानू नको."

मी राग मानला नाही. उलट आजही मला वाटतं, त्या सगळ्या काळात इतकं सरळ बोलणारी आईच एकटी होती. मी आणि बायको तर "जमेल, जमेल" करत एकमेकांना फसवत होतो.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे आठवले की अजून अंगावर काटा येतो. बायको रातपाळी करून सकाळी घरी यायची आणि मी दाराशी हेल्मेट घालून उभा असायचो. मुलगी माझ्या हातातून तिच्या हातात जायची. बायको बसल्या बसल्या पेंगायची. एकदा तिने पोरीच्या दुधाच्या बाटलीत पाणी भरलं आणि मला फोन करून रडली. मी तेव्हा एका गोठ्यात उभा होतो, हातात लसीचा थंड डबा. "येतो," एवढंच म्हणालो आणि गेलो नाहीच, कारण अजून तीस-पस्तीस जनावरं बांधून ठेवलेली होती.

मग बायकोला तिच्याच वॉर्डात बाळंत झालेली एक बाई आठवली. जव्हारच्या कडेला एक पाडा आहे, तिथली. आमच्या मुलीच्या पुढेमागेच तिलाही मुलगी झाली होती. लस टोचून घ्यायला ती पोरीला घेऊन आली तेव्हा बायकोने तिला विचारलं. त्या घरच्यांना जमीन नाही. नवरा-बायको दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. आता नवरा वसईकडे बांधकामावर लागला होता आणि ही मागे राहून मिळेल त्या कामाला जात होती.

ती दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, बारीक, पाठीला पोर बांधलेलं. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली.

"सिस्टरने सांगलाय. मी येन. पण माझी पोर कुठं ठेवू? तिला घेऊनच येन."

"आणा की," मी म्हणालो.

"दोघींना एकच दूध घालीन. एकच भात घालीन. वेगला काय करता येनार नाय मला."

"वेगळं करायचंच नाही, वहिनी," बायको आतून म्हणाली.

ते ठरलं ते असं, उंबऱ्यावर. मी तिला वहिनी म्हणायला लागलो. ती मला डॉक्टर म्हणायची, बायकोला सिस्टर.

पुढची दोन वर्षं आमच्या दोन खोल्यांत दोन मुली वाढल्या. एक रांगली की दुसरी रांगली. एकीला ताप आला की दुसरीलाही यायचाच. वहिनींची मुलगी आधी चालली, आणि आमची तिच्या फ्रॉकला धरून चालायला शिकली. बोलण्यातही तेच. वहिनींची पोर बडबडी, आणि आमची तिच्यामागे उभी राहून मान हलवणारी. कोणी आमचीला काही विचारलं की ती दुसरीकडे बघायची, आणि उत्तर तिकडून यायचं. आम्हाला ते गमतीचं वाटायचं. शेजारणी म्हणायच्या, "तुमचीला वकील मिळालाय."

एक गोष्ट मात्र बायकोला लागली. वहिनींची मुलगी आपल्या आईला "आई" म्हणायची, म्हणून आमचीही वहिनींना "आई" म्हणायला लागली. बायको मम्मी. एक दिवस बायको बारा तासांची ड्युटी करून आली. मुलगी पडली होती, गुडघा खरचटला होता. बायकोने हात पुढे केले तर मुलगी "आई, आई" करत वहिनींकडे धावली. वहिनींनी तिला उचललं नाही. तिला खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाल्या, "मी नाय. ती बघ, तुझी आई ती. तिच्याकडं रड."

मुलगी मग बायकोकडे गेली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून रडली. त्या रात्री बायको मला म्हणाली, "मला वहिनींचा राग यायला हवा होता ना? आला नाही. स्वतःचा आला." पुढच्या आठवड्यापासून तिने एक नियम केला. कितीही दमून आली तरी पहिला अर्धा तास मुलीचा. युनिफॉर्म तसाच, चहा नाही, फोन नाही, जमिनीवर बसायचं. फक्त आपलीच नाही, दोघी मुली तिच्या अंगावर चढायच्या.

मुली तीन वर्षांच्या होत आल्या तेव्हा शाळेचा विषय निघाला. जव्हारला एक खासगी इंग्रजी शाळा आहे. आदिवासी प्रकल्प कार्यालयातले, बँकेतले, शिक्षकमंडळी, सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. मी स्वतः साखरशेतच्या झेडपीच्या शाळेत शिकलो. मला वाटायचं, मी काय वाईट निघालो? पण बायको ऐकायला तयार नव्हती. ती नाशिकची, मराठी शाळेतली, वर्गात पहिली येणारी.

"तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. "नर्सिंगच्या पहिल्या वर्षी पुस्तक उघडलं की मला पान दिसायचं आणि अर्थ दिसायचा नाही. मॅडम काही विचारायच्या, मला उत्तर यायचं, पण मी उठायचे नाही. एक वर्षभर मी वर्गात ढ होते. तिला तसं नको व्हायला."

मी वाद घातला नाही. फॉर्म आणायला गेलो तर शाळेच्या फाटकाबाहेर उजाडायच्या आत रांग लागलेली. माझ्यापुढे एक तलाठी, मागे एक मुख्याध्यापक, तेही झेडपीच्या शाळेचे. आम्ही तिघे एकमेकांची नजर चुकवत होतो. मुख्याध्यापक शेवटी म्हणाले, "नातीसाठी. सूनबाईंचा हट्ट." मी म्हणालो, "माझ्याकडेही बायकोचाच." तलाठी हसला. मग थोडं हलकं वाटलं.

लहान मुलांची मुलाखत घ्यायची नसते, म्हणून तिला 'भेट' म्हणतात. आईवडील दोघं हवेत आणि मूल हवं. बायकोने त्या दिवशीची सकाळपाळी बदलून मागितली होती, मिळाली नाही. मग ठरलं की ती अकराला अर्धा तास सुटून थेट शाळेत येईल. मी मुलीला घेऊन निघालो तर ती दाराला चिकटली. दुसरी आल्याशिवाय येणार नाही. शेवटी वहिनी म्हणाल्या, "आमी बाहेर बसतू. चला." असे आम्ही चौघं गेलो.

अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, बायकोचा पत्ता नाही. फोन लागत नव्हता. आमचा नंबर आला. मी आणि मुलगी आत गेलो. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर. टेबलावर चित्रांचं पुस्तक.

"मिसेस?"

"येतायत. प्रसूती विभागात असतात. अडकल्या असतील."

"हं." त्यांनी पुस्तक मुलीपुढे सरकवलं. इंग्रजीत विचारलं, मग मराठीत विचारलं, "हे काय आहे?"

बकरी होती. आमच्या मुलीने आयुष्यात माणसांच्या खालोखाल काही पाहिलं असेल तर बकऱ्या. रविवारी मी तिला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून कॅम्पला न्यायचो. पण ती तोंड उघडेना. तिने नेहमीप्रमाणे बाजूला बघितलं. बाजूला मी होतो. तिचा चेहरा पडला.

"बोल ना बाळा," मी म्हणालो. जणू परीक्षा माझीच होती.

तिने दाराकडे बोट केलं. "ती सांगेल."

"ती कोण?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. बाई उठल्या, दारातून डोकावल्या आणि वहिनींच्या मुलीला हात धरून आत घेऊन आल्या. त्या पोरीला कसली भीती म्हणून नाही. ती खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली आणि पुस्तकाची पानं स्वतःच उलटायला लागली. बकरी, कोंबडी, कुत्रा, मोटार. एका पानावर हातात इंजेक्शन धरलेला डॉक्टर होता. "बाबा!" ती माझ्याकडे बोट दाखवून ओरडली; आमचीचं ऐकून तीही मला बाबाच म्हणायची. "बकरीला टोचतो!" तेव्हा कुठे आमची मुलगी हसली आणि हळूच म्हणाली, "मम्मी पन टोचते."

एवढंच. तेवढं एक वाक्य.

बायको पोहोचली तेव्हा बारा वाजत आले होते. युनिफॉर्मवर घाईत घातलेला स्वेटर, केस विस्कटलेले. "आडवं होतं बाळ," ती बाईंना म्हणाली, जणू शाळेत उशिरा आलेली मुलगी कारण सांगते. "दोघंही बरी आहेत आता."

बाई तिला पाणी देत म्हणाल्या, "मग उशीर झाला असं म्हणू नका."

निघताना बाईंनी वहिनींच्या मुलीकडे बघून विचारलं, "आणि हिचा फॉर्म कुठाय?"

वहिनी बाहेर उभ्या होत्या. त्या गडबडल्या. "आमचा कसला फारम, बाय. आमची जाईल अंगनवाडीला."

"सरकारी कोट्यातल्या काही जागा मोफत असतात. सोडत निघते. भरायला काय हरकत आहे?"

घरी आल्यावर वहिनींनी तांदूळ धुतले. भात लावताना म्हणाल्या, "डॉक्टर, ती बाय खरा बोलत व्हती का?"

तो फॉर्म मी भरला. सांगायला सोपं आहे, भरायला नव्हता. मुलीचा जन्मदाखला होता, कारण बायकोनेच काढून दिलेला. रहिवासी दाखला नव्हता. नवऱ्याचा जातीचा दाखला त्याच्या भावाच्या ट्रंकेत सापडला, उंदराने एक कोपरा खाल्लेला. आधारवर आडनाव एक आणि दाखल्यावर दुसरं. मी चार वेळा तहसीलला गेलो, दोनदा रजा टाकून. नवऱ्याशी फोनवर बोललो. वसईत राहून त्याच्या बोलण्यात हिंदी मिसळली होती. "साहेब, मै क्या बोलू," तो म्हणाला. "पोरगी शिकली तर चांगलंच हाय. पन दिवाळीनंतर मी हिला इकडं घेऊन येनार व्हतो. दोघं मिळून काम केला तर खोली घेता येईल."

"मग काय करायचं?" मी विचारलं.

त्याच्या मागे काँक्रीट मिक्सरचा आवाज येत होता. "भरा," तो म्हणाला. "लागला तर बघू."

सेतू केंद्रातल्या मुलाने मोबाइल नंबर विचारला. वहिनींचा फोन कधी चालू, कधी बंद. म्हणून मी माझाच नंबर दिला. सगळं पुढचं त्यामुळे झालं.

शाळेची यादी आधी लागली. मी खोडाळ्याला जाताना वाकडी वाट करून बघायला गेलो. आमच्या मुलीचं नाव मुख्य यादीत नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, पाचवं. बायकोला फोन केला. ती "बरं" म्हणाली आणि ठेवला. तिच्या त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला सहा वर्षांच्या संसारानंतर कळत होतं.

दोन दिवसांनी खोडाळ्याच्या बाजारात एका शेतकऱ्याची म्हैस बघत असताना माझा फोन वाजला. मेसेज. सोडतीत वहिनींच्या मुलीची निवड झाली होती. त्याच शाळेत.

इथे मला खरं लिहायचंय, नाहीतर लिहिण्याला अर्थ नाही. मला आनंद झाला नाही. पहिल्यांदा जे वाटलं ते चांगलं नव्हतं. चार वेळा तहसीलला कोण गेलं? फॉर्म कोणी भरला? आणि जागा कोणाला? मला हेही माहीत होतं की त्या मोफत जागा वेगळ्या असतात, आमच्या मुलीची जागा तिने घेतलेली नाही. माहीत असून उपयोग नव्हता. मी फोन खिशात ठेवला, म्हशीला औषध दिलं आणि संध्याकाळी घरी गेल्यावर वहिनींना काही सांगितलं नाही. त्या आपली पोर पाठीला घेऊन "येते डॉक्टर" म्हणून गेल्या. मी "या" म्हणालो.

दुसरा दिवसही तसाच गेला. शाळेत जाऊन प्रवेश पक्का करायला मोजकेच दिवस असतात, हेही मेसेजमध्ये लिहिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको ड्युटीवरून आली. तिचा अर्धा तास संपला. मुलगी बाहेर खेळायला गेली. मी बायकोला फोन दाखवला. तिने वाचलं. मग तारीख बघितली.

"परवाचा आहे हा."

"हो."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"नाही."

"का?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं तिला उत्तर कळलं, कारण तिच्या मनातही तेच होतं. तिचा चेहरा क्षणभर कसा झाला ते मी पाहिलं. मग ती उठली. चप्पल घातली.

"कुठे?"

"पाड्यावर. चला. आपल्या दोघांच्या तोंडून कळू दे. नाहीतर उद्या मी त्यांच्या हातात माझी मुलगी कोणत्या तोंडाने देऊ?"

आम्ही मुलीला मध्ये बसवून गेलो. वहिनी अंगणात नाचणीची भाकर थापत होत्या. आम्हाला बघून घाबरल्या. "काय झाला, सिस्टर? पोरीला काय झाला?"

"काही नाही झालं," बायको म्हणाली. "तुमच्या मुलीचा नंबर लागला. इंग्रजी शाळेत. दोन दिवस झाले, आम्ही सांगायला उशीर केला. चूक आमची."

वहिनी पीठ लागलेल्या हातांनी तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी पहिलं काय विचारलं? "आनि आपली?" आमच्या मुलीकडे बघून. "तिचा?"

"तिचा नाही लागला अजून," बायको म्हणाली.

"मग मी नाय पाठवत हिला. एकटी कशी जाईल?"

"पाठवायचं," बायको म्हणाली, आणि वहिनींच्या शेजारी जमिनीवर बसून रडायला लागली. मला वाटतं ते रडणं तिने यादी लागल्यापासून धरून ठेवलं होतं. वहिनीही रडल्या. भाकर करपली. दोन्ही मुली आमच्याकडे अशा बघत होत्या की मोठ्या माणसांना काय झालंय.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींबरोबर शाळेत गेलो. प्रवेश पक्का झाला. नवऱ्याला फोन लावला. या वेळी त्याने "बघू" म्हटलं नाही. "मग ती तिकडंच राहू दे," तो म्हणाला. "मीच येत जाईन."

जूनमध्ये शाळा सुरू झाली, आणि आठ दिवसांत दुसरी गोष्ट घडली. नर्सरीतल्या मुलांना सांभाळायला शाळेला एक मदतनीस हवी होती. वहिनी रोज पोरीला सोडायला जायच्या, रडणाऱ्या दोन-चार पोरांना गप्प करून यायच्या. मुख्याध्यापिकांनी त्यांना विचारलं. वहिनी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा पदर बोटांत गुंडाळलेला होता.

"डॉक्टर, मी नाय सांगू का त्यांना?"

खरं सांगायचं तर माझ्या ओठांवर "हो, नाही सांगा" आलं होतं. बायको म्हणाली, "मी वॉर्डात लागले तेव्हा मी माझ्या आईला विचारलं असतं, नाही सांगू का, तर तिने काय म्हटलं असतं? जा तुम्ही."

वहिनी गेल्या. आणि आमच्या कॅलेंडरवर पुन्हा निळं आणि लाल एका चौकोनात.

या वेळचा उपाय माझ्या रोजच्या रस्त्याच्या टोकाला होता. खोडाळ्याला माझ्या दवाखान्याच्या मागेच एक अंगणवाडी आहे. तिथल्या सेविकाबाईंना मी ओळखत होतो, त्यांच्या गायीचं वासरू मीच काढलेलं. मी विचारलं, त्या म्हणाल्या, "आणा. इथं पटावर तीस, त्यात एक."

मग रोज सकाळी आम्ही दोघं निघायला लागलो. टाकीवर ती, रेनकोटात गुंडाळलेली, डोळे तेवढे बाहेर. घाटात धुकं असलं की मी हळू चालवायचो आणि ती बोलायची. तिच्यातून बोलणं बाहेर पडायला लागलं ते त्या रस्त्यावर. मागे-पुढे कोणी नव्हतं तिच्या वतीने उत्तर द्यायला. मी तर गाडी चालवत होतो. "बाबा, ढग खाली का आला? बाबा, ती म्हैस कोनाची? बाबा, तुला बकरी चावली तर?" सुरुवातीला मी हं-हं करायचो. मग ऐकायला लागलो. मला जाणवलं की तीन वर्षांत मी तिच्याशी एवढा सलग कधी बोललोच नव्हतो.

अंगणवाडी दुपारी सुटायची. पुढे ती माझ्या दवाखान्यात बाकावर झोपायची. जनावरं घेऊन आलेल्या बायका तिला काकडी, करवंदं, भाजलेल्या शेंगा असं काही ना काही द्यायच्या. कधी मला दूरच्या पाड्यावर जावं लागलं की सेविकाबाई तिला आपल्या घरी नेत. दिवस अवघडही गेले. एकदा दरड कोसळली आणि आम्ही दोघं मोखाड्यातच अडकलो. तिने माझ्या मांडीवर झोपून रात्र काढली. बायकोने फोनवर एकच विचारलं, "जेवली का?" जेवली होती.

दिवाळीनंतर शाळेतून फोन आला. बँकेतल्या एका माणसाची बदली झाली होती, प्रतीक्षा यादीतले वरचे लोक दुसरीकडे गेले होते, जागा रिकामी होती. घ्यायची असेल तर आठवड्यात सांगा. मला वाटलं, बायको उडीच मारेल. ती म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. मी तुमच्याबरोबर खोडाळ्याला येते."

तिने अंगणवाडी तोपर्यंत पाहिली नव्हती. आम्ही खिडकीबाहेर उभे राहिलो. आत मुलं गोल बसली होती. सेविकाबाईंनी विचारलं, "आज गोष्ट कोण सांगणार?" आणि आमची मुलगी उठली. कोणाकडे बघितलं नाही. अडलेल्या गायीची गोष्ट तिने सांगितली, हातवारे करून, खोडाळ्याच्या बोलीत, मध्येच बायकोच्या दवाखान्यातलं बाळही त्यात घालून. गाय आडवी, बाळ आडवं, सगळं एकत्र. पोरं हसत होती.

बायको खिडकीचा गज धरून उभी होती. "ही आपलीच ना?" ती म्हणाली.

येताना रस्त्यात आम्ही चहाला थांबलो. मी विचारलं, "मग काय सांगू शाळेला?"

"जूनपर्यंत थांबतील का विचारा. मध्येच उपटून नको न्यायला." थोड्या वेळाने म्हणाली, "मी वर्षभर गप्प बसले ते इंग्रजीमुळेच असं मला वाटत होतं. नुसतं इंग्रजीमुळे नव्हतं बहुतेक."

शाळेने ती जागा धरून ठेवली नाही, दुसऱ्याला दिली. पण जूनमध्ये वरच्या वर्गाची एक नवी तुकडी निघाली आणि त्यात आमच्या मुलीला प्रवेश मिळाला. या वेळी भेटीला बायको वेळेवर आली होती, आणि बाईंनी पुस्तक उघडायच्या आधीच मुलीने त्यांना विचारलं, "तुमच्याकडं गाय हाय का?" बाई म्हणाल्या, नाही. "मग दूध कुठनं आनता?" पुढची पाच मिनिटं बाईच उत्तरं देत होत्या.

दोघी मुली आता वेगवेगळ्या तुकड्यांत आहेत. मधल्या सुट्टीत एकत्र डबा खातात, आणि कधी कधी भांडतात, इतकं की वहिनींना मध्ये पडावं लागतं. वहिनी शाळेत निळी साडी नेसतात आणि पालकसभेत त्या दोन्ही बाजूंना असतात. आधी चटया घालतात, मग पालक म्हणून येऊन बसतात. नवरा महिन्यातून दोनदा एसटीने येतो. खोलीचा विषय अजून अधूनमधून निघतो. कधी त्या तिकडे जाणार असतात, कधी तो इकडे येणार असतो.

बायकोची आता वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली आहे, नाशिकला. पत्र आलं त्या दिवशी ती ते लपवून ठेवणार होती. मला तिच्या तोंडावरून कळलं. मी म्हणालो, दाखव. वाचलं आणि म्हणालो, जा. ती म्हणाली, "आणि ही?" मी म्हणालो, "मी आहे. वहिनी शाळा सुटली की दोघींना घेऊन पाड्यावर जातील, मी येताना घेईन. आईचीही आवणी उरकली की ती महिनाभर येऊन राहीन म्हणालीय, तिनेच सांगितलं, मी विचारलं नाही."

काल मी पहिल्यांदा मुलीच्या दोन वेण्या घातल्या. एक वर, एक खाली. तिने आरशात बघितलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "बाबा, असू दे. उद्या चांगली येईल."